सोमवारचा आकडा

आमच्या प्रयोगशाळेत दर सोमवारी चहाच्या आधी एक पांढरा फळा पुसला जायचा आणि त्यावर नवे आकडे लिहिले जायचे. डावीकडे पेपरचं थोडक्यात नाव, आणि उजवीकडे जगात किती जणांनी तो पेपर आपल्या पेपरात संदर्भ म्हणून दिला त्याचा आकडा. ही पद्धत सरांची, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांची. आकडे लिहायचं काम कित्येक वर्षं माझ्याकडे होतं, कारण माझं अक्षर चांगलं आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजींनी अक्षरासाठी बोटांवर पट्टी मारली होती, तिचा उपयोग पुढे हैदराबादेत तारनाक्याला येऊन असा झाला.

फळ्यावर सगळ्यांत वरची ओळ माझ्या पेपरची असायची. मला त्या ओळीचा अभिमान होता. सोमवारी मी जरा लवकर जायचो, संगणकावर आकडा बघायचो, दोनानं किंवा तिनानं वाढलेला असायचा, आणि तो लिहिताना मार्कर जरा जास्त दाबला जायचा. हे आता लिहितानासुद्धा माझी कानशिलं तापतात. इतकी वर्षं मी एक चूक स्वतःच्या हातानं, वळणदार अक्षरात, सगळ्यांत वर लिहीत होतो.

माझ्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला पहिला माणूस मी. वडील जिनिंगमध्ये गठाणी उचलायचे, आई अंगणवाडीत मदतनीस होती. एम.एस्सी. करून मी मुलाखतीसाठी सिकंदराबादला उतरलो तेव्हा पायात चप्पल होती आणि खिशात मित्राचा पेन. इंग्रजीतल्या तिसऱ्या प्रश्नाला माझी जीभ टाळ्याला चिकटली. समितीतले दोघे कागद आवरायला लागले होते. तेव्हा मधल्या खुर्चीवरचे सर म्हणाले, "मराठीत सांग. मला कळतं." सरांचं घराणं जुन्या हैदराबाद संस्थानातलं, पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. मी मराठीत सांगितलं, त्यांनी ते इतरांना इंग्रजीत सांगितलं, आणि माझी निवड झाली. पीएच.डी. त्यांच्याच हाताखाली केली, नोकरीही त्यांच्याच विभागात लागली. त्यांच्या घरी कितीदा जेवलो, त्याचा हिशेब नाही. हे सगळं खरं आहे आणि पुढचं वाचताना विसरू नये, म्हणून आधीच लिहून ठेवतो.

तो पेपर टीबीच्या तपासणीवर होता. टीबीचा संशय असला की माणसाची थुंकी काचेच्या पट्टीवर पसरतात, तिच्यावर लाल रंग घालतात आणि पट्टीखाली स्पिरिटचा दिवा फिरवतात. टीबीच्या जंतूचं कवच मेणासारखं असतं, ऊब मिळाल्याशिवाय रंग आत शिरत नाही. मग आम्लानं धुतात, वरून निळा रंग देतात. टीबी असला तर निळ्यावर बारीक तांबड्या काड्या दिसतात. शंभर वर्षांहून जुनी पद्धत आहे. आता मशिनं आली आहेत, पण मशिनला लागणारं सामान संपलं की छोट्या दवाखान्यांत अजून काच आणि दिवाच असतो. आणि आमच्या गावच्या ग्रामीण रुग्णालयात स्पिरिटही संपतं, हे मला लहानपणापासून माहीत होतं. म्हणून माझ्या डोक्यात आलं, दिव्याशिवाय रंग चढला तर? रंगाचं प्रमाण बदललं, वेळ वाढवली, आणि खोलीच्या साध्या तापमानात काम झालं तर?

झालं. म्हणजे तसं आम्हाला वाटलं.

काचा रंगवायचं काम आमच्याकडे चाचा करायचे. नामपल्लीकडून दोन बस बदलून येणारे, निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरलेले प्रयोगशाळेतले जुने तंत्रज्ञ. जुन्या इमारतीत मागच्या बाजूला एक उघडा व्हरांडा होता, तिथं त्यांचं टेबल, बशा, बरण्या. मी आत सूक्ष्मदर्शकापाशी बसायचो. चाचा रंगवलेल्या, सुकवलेल्या काचा ट्रेमधून आणून ठेवायचे. मी काड्या मोजायचो. दिवा लावून केलेल्या काचा आणि बिनदिव्याच्या काचा, दोन्हींत सारख्याच काड्या. तीन महिने मोजल्या, मार्च ते मे. पेपरात मी लिहिलं, खोलीच्या तापमानात, इतकी मिनिटं. व्हरांड्यात जाऊन मी एकदाही उभा राहिलो नाही. त्या व्हरांड्यात फिनेलचा वास असायचा, ऊन यायचं, आणि मला वाटायचं की विज्ञान आत आहे, सूक्ष्मदर्शकापाशी.

चाचांचं नाव पेपरात घालू का, असं मी सरांना विचारलं होतं. सर म्हणाले, लेखकांत नको, शेवटी आभारात घाल. मी आभारातही नाव घातलं नाही. 'प्रयोगशाळेतील तांत्रिक कर्मचाऱ्यांचे आभार', एवढीच ओळ टाकली. सगळ्या पेपरांत तशीच असते म्हणून.

पेपर बऱ्यापैकी मोठ्या नियतकालिकात छापून आला. पहिल्या वर्षी कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग हळूहळू संदर्भ येऊ लागले. आकडा तीन आकडी झाला त्या सोमवारी सरांनी कँटीनमधून सगळ्यांसाठी डबल का मीठा, इथलं ते पावाचं पक्वान्न, मागवला. आमच्याकडे माणसाची किंमत त्या आकड्यावरून ठरते, बढतीच्या अर्जात त्याचा वेगळा रकाना असतो. एव्हाना आम्ही नव्या इमारतीत आलो होतो, चाचा निवृत्त झाले होते, आणि ती पद्धत आमच्याच प्रयोगशाळेत पुन्हा कुणी वापरलेली नव्हती. हे तेव्हा कुणालाच विचित्र वाटलं नाही. पेपर झाला की पुढच्या पेपराकडे जायचं, अशीच सवय होती.

त्याच सुमारास गावच्या शाळेनं स्नेहसंमेलनाला बोलावून माझा सत्कार केला. शाल, नारळ, फेटा. मुख्याध्यापकांनी भाषणात सांगितलं की आपल्या शाळेच्या मुलाच्या लेखाचा दाखला साऱ्या जगातले शास्त्रज्ञ देतात. आई पहिल्या रांगेत होती. मला भरून आलं. या गावाचं काहीतरी फेडावं, असं मनापासून वाटलं, आणि जाताना मी एक काम केलं. आपली पद्धत मराठीत, मोठ्या अक्षरात, एका पानावर लिहून काढली आणि ग्रामीण रुग्णालयातल्या लॅबमध्ये नेऊन दिली. तिथं एक तरुण तंत्रज्ञ ताई होत्या. त्यांनी पान दोनदा वाचलं, दोन शंका विचारल्या, आणि आधी जुन्या पद्धतीशी ताडून पाहते म्हणाल्या. मी म्हटलं, अवश्य पाहा. पेपर छापून आल्यापासून असं म्हणणाऱ्या त्या पहिल्याच होत्या, हे मला तेव्हा कळलं नाही.

त्यांचा फोन पुढच्या डिसेंबरात आला. मी फळा पुसत होतो.

आधी त्यांनी माझी, आईची चौकशी केली. मग म्हणाल्या, "सर, राग मानू नका. तुमचं पान मी भिंतीवर लावलंय. पण ते आता लागू पडेना."

त्यांनी सगळं नीट, क्रमानं सांगितलं. मे महिन्यात त्यांनी माझी पद्धत जुन्या पद्धतीशी ताडून पाहिली होती, दोन्हींचं जुळलं होतं. त्यामुळं दिवाळीनंतर मशिनचं सामान संपलं, पाठोपाठ स्पिरिटही आलं नाही, तेव्हा त्यांनी भरवशानं माझं पान वापरलं. त्या काळात वीटभट्टीवरची एक बाई तपासणीला आली होती. काचेवर काही दिसलं नाही. बाईला खोकल्याचं औषध देऊन पाठवलं. ती महिन्याभरानं परत आली ती नवऱ्याच्या पाठीवर बसून. तोवर स्पिरिट आलं होतं. ताईंनी जुन्या पद्धतीनं काच केली. काच तांबड्या काड्यांनी भरलेली होती. तेव्हा त्यांनी फेरतपासणीसाठी जपून ठेवलेली पहिली काच काढून तीही दिव्यावर पुन्हा रंगवली. तिच्यावरही काड्या होत्या.

"घरात दोन लेकरं आहेत तिच्या," ताई म्हणाल्या. "त्यांची तपासणी लावली आहे. बाईला औषध सुरू केलं. पण सर, माझ्या हातून अजून किती काचा स्वच्छ म्हणून गेल्या ते मी आता शोधायलेय. माझं काही चुकलं का, तेवढं सांगा."

माझं काही चुकलं का, हे त्या मला विचारत होत्या. मी काय उत्तर दिलं, आठवत नाही. पान भिंतीवरून काढा, असं म्हणालो एवढं नक्की.

त्याच दिवशी मी रंग तयार केला, काचा घेतल्या आणि माझ्या पेपरातल्या कृतीनं शब्दशः करून पाहिल्या. नव्या इमारतीच्या खिडक्या उघडत नाहीत, बारा महिने एसी चालतो. काचा निळ्या आल्या. पुन्हा केल्या. पुन्हा निळ्या. कुठंतरी एखादी फिकट गुलाबी रेघ. चार दिवस मी दुसरं काही केलं नाही. रंगाची नवी बाटली आणली, आम्ल बदललं, मिनिटं वाढवली. पाचव्या दिवशी चाचांच्या घरी गेलो.

नामपल्ली स्टेशनच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. गुडघ्यांनी चालणं अवघड झालं होतं, पण मला पाहून ते उठलेच. सुनेला चहा ठेवायला सांगितला. मी विचारलं, चाचा, त्या बिनदिव्याच्या काचा तुम्ही नेमक्या कशा करायचात, पहिल्यापासून सांगा. त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच वाक्याला मी हातातला कप खाली ठेवला. सकाळी आल्याबरोबर ते रंगाची बरणी व्हरांड्याच्या कठड्यावर पत्र्याच्या ताटात ठेवायचे. नऊ ते अकरा. रंगाच्या तळाशी खडे बसतात, ते उन्हात विरघळतात, म्हणून. तीस वर्षांची सवय होती. काचाही त्याच ताटात, उन्हातच रंगवायचे.

"धूप नहीं दिखाये तो रंग पकड़ताइच नहीं, साब," ते म्हणाले.

आणि पावसाळ्यात? पावसाळ्यात गरम पाण्याच्या टबात बरणी ठेवायची, त्यात काय एवढं.

मी म्हटलं, चाचा, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत.

"आप पूछेइच नहीं. मैं समझा आपकू मालूम." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी काळजीनं विचारलं, "कुछ गलत हुआ क्या मेरे से?"

एका आठवड्यात दोन माणसांनी मला तोच प्रश्न विचारला होता, आणि दोघांचंही काही चुकलेलं नव्हतं. मी ज्या दिव्याची ऊब काढून टाकली म्हणून मिरवत होतो, ती ऊब चाचा रोज सकाळी कठड्यावर ठेवून मला आणून देत होते. हैदराबादचं एप्रिलचं ऊन, पत्र्याचं ताट. आमच्या गावच्या मे महिन्यातही तेच घडलं होतं. ताईंची खोलीच भट्टीसारखी तापली होती. जंतूच्या कवचाला ऊब लागते, हे मला पाठ होतं, त्याच्यावर मी तास घेतले होते. बारावीच्या मुलानं विचारली असती ती शंका मला आली नाही.

त्यानंतरचे दोन आठवडे मी एकच काम केलं. माझ्या पेपरचा संदर्भ दिलेला प्रत्येक पेपर उघडला आणि वाचला. मला एक माणूस हवा होता. कुणीतरी एक, ज्यानं माझी कृती करून पाहिली, जमली नाही, आणि पेपरात तसं लिहिलं. किंवा जमली, असं लिहिलं. काहीही चाललं असतं. लंडनपासून लखनौपर्यंतचे पेपर होते. बहुतेकांच्या पहिल्या परिच्छेदात एक वाक्य होतं, की दिव्याशिवाय रंगवण्याच्या सोप्या पद्धती उपलब्ध आहेत, आणि कंसात माझं नाव. पुढे त्यांचा विषय वेगळाच. ते वाक्यही त्यांनी एकमेकांचं उचललेलं होतं, कारण एकानं माझ्या पेपरचा पान क्रमांक चुकीचा दिला होता आणि तीच चूक पुढच्या अकरा पेपरांत होती. एका पेपरात मी न केलेल्या प्रयोगाचं श्रेय मला दिलं होतं. एक पेपर माशांच्या कातडीवर होता. आणि एक मोठा गठ्ठा आमच्याच विभागातल्या मुलांचा होता, कारण पेपर पाठवण्याआधी सर त्यांना एक यादी द्यायचे, हे हे संदर्भ घाला म्हणून. ती यादी टाइप मीच केलेली होती.

एकानंही करून पाहिलेलं नव्हतं. साऱ्या पृथ्वीवर तो पेपर खऱ्या अर्थानं वाचणारी व्यक्ती एकच होती, माझ्या गावच्या ग्रामीण रुग्णालयातली, आणि ती पेपर लिहीत नाही, म्हणून तिचा आकडा कुठल्याही फळ्यावर येत नाही.

मला आयुष्यात इतका राग कधी आला नव्हता. आमच्याकडे राग परवडायचा नाही. फीमाफीचा अर्ज, वसतिगृहाचा अर्ज, शिष्यवृत्तीचा अर्ज, प्रत्येकाच्या शेवटी आभारी आहे असं लिहून मी इथवर आलो होतो. पण त्या दिवसांत मी जिना चढताना दात आवळलेले असायचे. बायको म्हणायची, झोपेत बडबडता. रागाचा मोठा वाटा माझ्या स्वतःवर होता, आणि उरलेला त्या फळ्यावर.

मी दुरुस्तीचा मसुदा लिहिला आणि सरांकडे गेलो. पेपर सरांच्या नावानं पाठवलेला, नियतकालिकाशी पत्रव्यवहाराचा हक्क त्यांचा, त्यांच्या सहीशिवाय दुरुस्ती छापली जात नाही. सरांनी सगळं शांतपणे ऐकलं. वीटभट्टीवरच्या बाईचं ऐकून त्यांनी डोळे मिटून घेतले, ते नाटक नव्हतं. पण मग म्हणाले, मार्चपर्यंत थांब. मार्चमध्ये विभागाचं मूल्यमापन आहे, निधीचं नूतनीकरण त्यावर आहे, तीन मुलांच्या फेलोशिप त्या निधीवर आहेत, आणि तुझ्या बढतीची फाइलही तेव्हाच जाणार. सगळ्यांत वरच्या पेपरलाच दुरुस्तीचं ठिगळ लागलं तर समिती काय म्हणेल? आपल्याच पायावर धोंडा कशाला पाडून घ्यायचा? ताईला तू पान काढायला सांगितलंस, झालं की.

मी म्हटलं, सर, ताईंसारखं अजून कुणी कुठं भिंतीवर लावलं असेल तर? मार्चपर्यंत थंडी आहे.

तीन दिवसांनी सरांनी मला बोलावून एक कागद दिला. त्यांनी स्वतः दुरुस्ती लिहिली होती. मला वाटलं, सर ते सरच. मग वाचली. एका तांत्रिक कर्मचाऱ्यानं लेखकांना न कळवता, ठरलेली कृती सोडून, रंग तापवल्यामुळे निष्कर्षांवर परिणाम झाला, असं त्यात होतं.

मी कागद दोनदा वाचला.

"हे खोटं आहे, सर."

"अक्षर न्‌ अक्षर खरं आहे. सांगितलं होतं का त्यानं तुला?"

"मी विचारलं नव्हतं. तीन महिने माणूस भिंतीपलीकडं काम करायलाय, आणि मी जाऊन पाहिलं नाही. त्यांनी ठरलेली कृती सोडली नाही. त्यांचीच कृती बरोबर होती. चुकीची मी लिहिली."

सर खुर्चीत मागे टेकले. मग इतक्या वर्षांत कधीच न बोललेलं वाक्य बोलले. "तुला इथं कुणी घेतलं, आठवतं का रे?"

"आठवतं. तुम्ही म्हणाला होता, मराठीत सांग, मला कळतं. तर मराठीतच सांगायलोय, सर. चूक माझी आहे. तसं लिहा. चाचांवर दोष टाकून हा कागद गेला, तर मी नियतकालिकाला वेगळं पत्र पाठवीन आणि तुमचं हे पानही जोडीन."

दाराबाहेर उभ्या विद्यार्थ्यांनी ते ऐकलं असणार, कारण मी बाहेर आलो तेव्हा सगळे आपापल्या पडद्यांकडे फारच लक्ष देऊन पाहत होते. ज्या माणसापुढे मी कधी पाठ वळवून चाललो नव्हतो, त्याला मी धमकी देऊन आलो होतो. आणि मला पश्चात्ताप होत नव्हता, याचाच मला जास्त त्रास होत होता.

आठवडाभर सर माझ्याशी बोलले नाहीत. मग एका दुपारी त्यांचा मेल आला. माझा मूळ मसुदा, एक शब्दही न बदलता, त्यांच्या मान्यतेसह नियतकालिकाला गेला होता. मला लिहिलेलं त्यात काही नव्हतं. ही त्यांची बाजूही मला नोंदवली पाहिजे. त्यांनी सही केली.

दुरुस्ती फेब्रुवारीच्या शेवटी छापून आली. पहिल्या लेखकाच्या चुकीमुळे कृतीत रंग व काचा उन्हात तापवल्याचा उल्लेख राहून गेला, त्याशिवाय ही पद्धत वापरू नये, रोग असूनही दिसत नाही. अर्धं पान. चाचांना मी ते घरी जाऊन वाचून दाखवलं. त्यांचं नाव यात आभारात आहे, नावानिशी. त्यांनी चष्मा लावून स्वतःचं इंग्रजी नाव बोटानं शोधलं, आणि धूप हा शब्द कुठं आहे ते विचारलं. मी दाखवला.

मार्चमध्ये समितीनं माझ्या पेपरांपैकी फक्त या दुरुस्तीवर प्रश्न विचारला, आणि बढतीचं पुढच्या फेरीत पाहू म्हणाली. निधी मिळाला, मुलांच्या फेलोशिप वाचल्या. फळा लिहायचं काम आता एका विद्यार्थिनीकडे आहे. सर माझ्याशी बोलतात, कामापुरतं. घरी जेवायला बोलावणं नाही.

दुरुस्तीचा संदर्भ आजवर एकानंही दिलेला नाही. फळ्यावर तिच्यासाठी ओळ नाही. मूळ पेपर मात्र वाढतोच आहे. गेल्या सोमवारी आणखी तिनानं वाढला. मी त्या तिघांना मेल लिहिले, दुरुस्ती जोडून. आता दर सोमवारी मी तेच करतो, चहाच्या आधी. एकाचं उत्तर आलं, धन्यवाद, पुढच्या पेपरात दोन्हींचा संदर्भ देऊ.

ताईंनी त्या काळातल्या सगळ्या काचांची यादी काढली आणि गावोगावच्या आशा कार्यकर्त्यांना घेऊन वस्त्यावस्त्यांवर जाऊन माणसं परत बोलावली. आणखी दोघांना टीबी निघाला. त्या दोघांना आणि वीटभट्टीवरच्या बाईला औषध चालू आहे. बाईची लेकरं तपासणीत ठीक निघाली. हे त्यांनीच फोनवर सांगितलं. मीही त्यांना नवं पान पाठवलं होतं, तसंच मोठ्या अक्षरात, उन्हाच्या सगळ्या सूचनांसह. ते मिळालं का, विचारलं.

"मिळालं सर. छान लिहिलंय. पण आभाळ असलं तर काय करायचं?"

मी चाचांची युक्ती सांगितली. बरणी गरम पाण्यात ठेवायची.

ताई अगदी आदरानं म्हणाल्या, "सर, पाणी तापवायला दिवा लागल की. दिवा असता तर मी काचच नसती का तापवली?"